रामघाटच्या दारावरची कोरफड

मागच्या महिन्यात याच ब्लॉगवर मी बनारसहून एक फोटो टाकला होता. तेलाच्या डब्यात लावलेली कोरफड आणि खाली माझं फर्मान: दाराला उलटी टांगलेली कोरफड आजच उतरवा, मातीत लावा, पाणी घाला, झाडाचे हाल थांबवा. तो फोटो मी काढून टाकला आहे. पण काढून टाकल्यानं लोकांनी वाचलेलं पुसलं जात नाही. तुमच्यापैकी काहींनी माझं ऐकलं. साताऱ्याच्या एका वाचक बाईंनी कोरफड उतरवून कुंडीत लावली आणि मला कौतुकानं कळवलं. म्हणून हे लिहावं लागतंय. नाहीतर मी लिहिलं नसतं.

आधी कामाचं. माझं ऐकून ज्यांनी कोरफड ओल्या मातीत लावली असेल, त्यांनी पुढचं नंतर वाचावं. आधी ती उपटा. मुळांची माती झटका, काळी मऊ पडलेली मुळं कापून टाका आणि जखम सुकून खपली धरेपर्यंत रोप सावलीत, वाऱ्यावर नुसतं पडू द्या. लावायचीच असेल तर वाळू मिसळलेल्या भरड मातीत, तळाला भोक असलेल्या कुंडीत लावा, आणि सुरुवातीला पाण्याचा थेंबही घालू नका. किंवा पुन्हा दाराला टांगा. तिथे ती बरी होती.

आता प्रवासाचं.

माझी कुसुममावशी लग्न होऊन काशीला गेली ती तिथलीच झाली. काका रामघाटाजवळच्या वेदपाठशाळेत शिकवायचे, मावशी बँकेत होती. काका गेले, मावशी निवृत्त झाली, आणि आता तिचे गुडघे घाटाच्या पायऱ्यांना दाद देईनात. तिचा मुलगा श्रीकांत नाशकात असतो, माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. तो किती वर्षं तिला बोलावत होता. शेवटी ती हो म्हणाली, पण एका अटीवर. दारावरची कोरफड तिच्याबरोबर येणार आणि नाशिकच्या दाराला आधी ती लागणार, मग मावशी आत पाऊल टाकणार. त्यांच्या घरची रीतच तशी: दार बदललं तर कोरफड आधी, माणूस मागून. श्रीकांतला रजा मिळेना. मी निवृत्त, एकटी आणि कामाला वाघ. मी म्हटलं, मी आणते.

नाशिकरोडहून बनारसची थेट गाडी मिळते. एक रात्र आणि पुढचा जवळजवळ सगळा दिवस धरून चाला. तिसऱ्या वर्गाचा वातानुकूलित डबा पुरतो. जेवण घरून न्या, गाडीतलं वरण मी एकदाच चाखलं. स्टेशनाबाहेर ई-रिक्षावाले घेरतात. ‘मैदागिन’ एवढंच ठामपणे सांगायचं आणि भाडं आधी ठरवायचं. मैदागिनच्या पुढे रामघाटाकडे गाडी जात नाही. गल्ल्यांतून चालायचं, म्हणून चाकांची बॅग नेऊ नका. दगडी फरश्यांवर चाकं दगा देतात आणि वाटेत आडवा उभा असलेला बैल तुमच्या बॅगेसाठी सरकत नाही.

पुराचं पाणी नुकतंच उतरलं होतं. घाटाच्या खालच्या पायऱ्यांवर राखाडी गाळाचा जाड थर होता आणि माणसं पंपाचं पाणी मारून तो नदीत ढकलत होती. हवेत दमटपणा इतका की वाळत घातलेला टॉवेल दुसऱ्या दिवशीही हाताला ओला लागायचा. हे मी मुद्दाम सांगते आहे. पुढे याचा संबंध येतो.

मावशीच्या दोन खोल्या पहिल्या मजल्यावर. दाराच्या चौकटीला लाल दोऱ्यानं बांधलेली कोरफड टांगलेली होती. मुळं वर, पानं खाली. पानं पातळ झालेली, काठांनी आत वळलेली, थोडी तांबूस. आणि मधला कोवळा पोगा मात्र खाली न लोंबता वळून आभाळाकडे निघालेला.

मी सामान खाली ठेवायच्या आधी व्याख्यान दिलं. वनस्पतिशास्त्रातली पदवी आहे आणि आयुष्यभर शाळेत जीवशास्त्र शिकवलं आहे. ते अंगातून जात नाही. कॉलेजात आम्ही हिचं नाव अ‍ॅलो बार्बाडेन्सिस असं पाठ केलं होतं, कुळ लिलीचं. आता नाव अ‍ॅलो वेरा झालं आणि कुळही निराळं केलं आहे, ही निवडुंगापैकी नव्हे, मूळची अरबस्तानाकडची, असं सगळं मी उंबऱ्यातच ऐकवलं.

मावशी म्हणाली, “नाव बदललं, कुळ बदललं, मुलुख सोडून आली. म्हणजे लग्न झालंय बिचारीचं. आत ये, चहा उकळतोय.”

“पण मावशी, उलटी टांगून तिचे हाल कशाला?”

“कसले हाल? काकांनी टांगली होती. ती वाळली की तिचंच पिल्लू टांगायचं. गच्चीवर कुंडी ठेवली तर माकडं एका दिवसात बरबाद करतात. इथे ती मजेत आहे. तू परेशान नको होऊस.”

जेवायला वरणभात आणि परवलाची भाजी होती. मी जेवले, पण डोक्यात ती कोरफडच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी शेजारणीचा हात धरून संकठा देवीला निरोप घ्यायला गेली. मी गल्लीच्या तोंडाशी कचोरी-जिलबी खाल्ली (सकाळी लवकर जा, नंतर कचोरी थंड मिळते, दोघांचं पोट शंभराच्या आत भरतं). परत आले आणि कोरफड उतरवली. मनात होतं की गाडीतून न्यायची तर कुंडीत सुरक्षित राहील, आणि नाशकात पोचेपर्यंत तरतरीत दिसेल. मावशीला दाखवून देईन, असंही मनात होतं. ते लपवत नाही.

वाळकी दिसणारी मुळं मी विळीवर छाटली. तेलाचा रिकामा डबा घेतला. त्याला भोकं पाडायला खिळा शोधला, सापडला नाही. ‘चार दिवसांचा तर प्रश्न आहे’ म्हणून तसाच वापरला. घाटावरून गाळ आणून भरला, गंगेची माती म्हणजे सुपीक. सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी.

आता यातली प्रत्येक गोष्ट चूक का, ते मीच वर्गात शिकवलं आहे. कोरफडीचं पान म्हणजे पाण्याची पिशवी आहे. बाहेर मेणाचा जाड थर, त्याखाली पिवळा कडू चीक, आणि आत तो पारदर्शक गर, ज्यात ती महिनोन्‌महिने पुरेल इतकं पाणी साठवते. इतर झाडं दिवसा श्वासाची छिद्रं उघडतात. ही दिवसा मिटून घेते आणि रात्री गारव्यात उघडते, म्हणजे पाणी कमी उडतं. म्हणूनच ती मातीशिवाय दारावर जगते, स्वतःचंच पाणी पुरवून पुरवून पिते. तिला भीती तहानेची नाही, ओलीची आहे. ताजी छाटलेली मुळं, निचरा नसलेला चिकट गाळ, बंद डबा आणि भाद्रपदातली दमट हवा. परीक्षेत विचारलं असतं तर मी कारणांसह लिहून दिलं असतं.

मावशी परतली तेव्हा चौकटीकडे बघून थांबली.

“उतरवलीस?”

“मग काय, गाडीत खिडकीला उलटी लटकवून नेणार होतीस?”

“कागदात लपेटून पिशवीत नेणार होते. कोरडीच.” मग चप्पल काढत म्हणाली, “बरं. तू शिकलेली आहेस.”

मी ते कौतुक समजले. त्याच संध्याकाळी फोटो काढला आणि फर्मान सोडलं.

तिसऱ्या दिवशी नावेतून फिरलो. पाणी उतरल्यामुळे नावा नुकत्याच सुरू झाल्या होत्या. मोठ्या नावेत इतरांबरोबर बसलात तर स्वस्त पडतं. एकट्यासाठी नाव करायची असेल तर नावाडी जे म्हणेल त्याच्या निम्म्यापासून बोलायला सुरुवात करा. संकठा घाट, रामघाट, पुढे बालाजी घाट, पंचगंगा. नदीतून घाट बघणं वेगळंच: ज्या पायऱ्यांनी तुमचे गुडघे खाल्लेले असतात त्याच पाण्यातून सुंदर दिसतात. उतरून गल्लीतून परतताना मावशी दारं दाखवत होती. तीन-चार चौकटींवर कोरफड उलटी टांगलेली.

“ही माझीच. ती पण माझीच. ती इंदूची, तिला मी दिली होती, तिच्या सुनेच्या बाळंतपणात. सगळ्या माझ्या नाती.”

पाचव्या दिवशी सकाळी पाणी घालताना एक पान हातात आलं. ओढलं नव्हतं, नुसतं बोट लागलं होतं. बुंध्याशी ते तपकिरी, बुळबुळीत झालेलं होतं आणि वास येत होता. दुसरं पान धरलं, तेही आलं. मी डबा उचलून न्हाणीत नेला आणि वर टॉवेल टाकला.

“कुठे नेलीस तिला?” मावशीनं विचारलं.

“ऊन लागत होतं,” मी म्हटलं.

तेवढ्यात फोनवर साताऱ्याच्या बाईंचा निरोप आला. ताई, तुमचं वाचून आमचीही उतरवली, छान पाणी घातलं, आता बरं वाटतंय. न्हाणीच्या दारात उभी राहून, नाकाला पदर लावून, मी त्यांना उत्तर पाठवलं: ‘शाब्बास!’ या साऱ्या प्रवासात मला सर्वांत जास्त लाज कशाची वाटत असेल तर या एका शब्दाची. झाड चुकीनं मेलं. हा शब्द मी चुकीनं लिहिला नव्हता.

संध्याकाळी मावशीनं स्वैपाकघरातून हाक मारली. “नीलू, न्हाणीत काय सडतंय?”

मी टॉवेल काढला. तिनं वाकून पाहिलं. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. तिनं चौकटीवरचा लाल दोरा सोडला, बोटाला गुंडाळला आणि कमरेला खोचला.

“श्रीकांतला फोन कर. तिकीट कॅन्सल कर म्हणावं.”

“मावशी, एका झाडापायी—”

“झाडापायी नाही गं. आधी ती, मागून मी. ती नाही तर मी कशाच्या मागे जाऊ?”

सामान बांधून झालेलं होतं. घरमालकाला खोल्या परवा सोडतो म्हणून सांगितलेलं होतं. श्रीकांत फोनवर आधी हसला, मग म्हणाला, “नीलाताई, तुला फक्त तिला आणायला सांगितलं होतं.”

रात्री अंथरुणावर मला वर्गातलाच दुसरा धडा आठवला. कोरफडीला पिवळ्या नळीसारखी फुलं येतात, उंच दांड्यावर, खाली माना घातलेली. पण बी क्वचितच धरतं. ती वाढते ती बुंध्याशी फुटणाऱ्या पिल्लांनी. आणि पिल्लू म्हणजे लेकही नव्हे, नातही नव्हे. तेच झाड, पुन्हा. मावशीनं गल्लीत वाटलेली प्रत्येक कोरफड म्हणजे काकांनी टांगलेलीच कोरफड होती.

सकाळी मी तिला हे सांगितलं. ती म्हणाली, “दिलेलं मागून आणायचं नसतं.”

“तू मागू नकोस. मी मागते.”

“आणि काय सांगशील? चोरीला गेली?”

“जे झालं ते सांगेन.”

“दर दाराला?”

“दर दाराला.”

“मग जा,” मावशी म्हणाली. “आणि सँडल नको घालूस, गाळ आहे अजून.”

पहिलं दार त्याच गल्लीतल्या एका गुरुजींचं. ओसरीवर आणखी तिघं बसलेले. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. गुरुजींनी डोळे मोठे केले. “पानी डाल-डालके मार दी? अहो, आम्ही ऐकलं होतं माणूस तहानेनं मरतो! आणि मास्टरनीबाई, विषय कोणता शिकवायचात आपण?”

“जीवशास्त्र.”

ओसरी हसून लोटपोट. गुरुजींच्या कोरफडीला पिल्लू नव्हतं. मला पाणी विचारलं. एक जण म्हणाला, “थोडंच द्या हो, जास्त नको!” मी ते प्याले आणि निघाले.

दुसरं दार संकठा घाटाजवळचं. तिथली तरुण सून मराठी समजत होती, बोलत हिंदी होती. “आंटी, हमारी वाली तो सूख गई, दिवाली की सफ़ाई में फेंक दी थी।” मग जरा थांबून म्हणाली, “मम्मी जी को मत बताइएगा, उनको लगता है ऊपर स्टोर में रखी है।” म्हणजे न्हाणीत टॉवेल टाकणारी मी एकटीच नव्हते. त्यानं फार बरं वाटलं नाही.

तिसरं दार बालाजी घाटाच्या चढावरचं, इंदूताईंचं. मावशीच्याच वयाच्या, जपमाळ हातात. त्यांची कोरफड भरदार होती आणि बुंध्याशी एक पिल्लू बिलगलेलं. मी सगळं सांगितलं, डब्याचं, खिळ्याचं, टॉवेलाचंही. त्या माळ ओढत ऐकत राहिल्या.

“आणि मोबाइलवर पण टाकलंस ना? माझ्या नातीनं वाचून दाखवलं. मी म्हटलं, ही कुसुमची शहाणी भाची. आमची उतरवायला निघाली होती नात. मी हात धरला.”

त्यांनी स्टुलावर चढायला सांगितलं, मी चढले, पिल्लू हलक्या हातानं पिळून सोडवलं. लहानसं, पानं दोन बाजूंना दोन ओळींत, त्यांवर पांढरे ठिपके.

“उलटी धर,” इंदूताई म्हणाल्या. “घरापर्यंत तशीच ने.”

बालाजी घाटापासून रामघाटापर्यंत मी ती कोरफड मुळांशी धरून, हात लांब करून नेली. गल्लीत बातमी माझ्या आधी पोचलेली होती. पानवाल्यानं विचारलं, “मिल गई, मास्टरनी जी?” मी म्हटलं, मिल गई.

आणि मावशी बघून म्हणाली, “ही माझी नाही. माझीला ठिपके नव्हते.”

मी सांगितलं की कोवळ्या अ‍ॅलो वेराच्या पानांवर ठिपके असतातच, मोठी झाली की ते जातात आणि दोन ओळींतली पानं गोल फिरून फुलासारखी रचतात. प्रत्येक शब्द खरा होता. मावशी माझ्याकडे बघत राहिली, जसं लबाड विद्यार्थ्याकडे मी बघत असे.

“तू म्हणालीस डब्यात ती जगेल. ते पण पुस्तकातलंच होतं ना?”

पुस्तकातलं नव्हतं, माझ्या मनचं होतं. पण आता तो फरक सांगून काय उपयोग. माझ्या शब्दाची किंमत मीच पाण्यात घालवली होती. मी इंदूताईंना फोन लावला आणि मोठ्या आवाजावर ठेवला.

“कुसुम,” पलीकडून आवाज आला, “तू मला दिलीस तेव्हाही ठिपके होते. मी म्हटलं नव्हतं, हिला देवी आल्यात का म्हणून? आणि तू दोन दिवस रुसली होतीस.”

मावशी मग फस्‌कन हसली. “एक दिवस. दोन नाही.” कमरेचा दोरा काढला आणि पिल्लू वर्तमानपत्रात गुंडाळलं. कोरडंच. “श्रीकांतला सांग, तिकीट राहू दे.”

परतीच्या गाडीत पिशवी तिच्याच मांडीवर होती. मी एकदाही हात लावला नाही.

नाशिकला पोचलो त्या संध्याकाळी श्रीकांतच्या दाराशी मावशी उंबऱ्याबाहेर थांबली. श्रीकांतनं कोरफड बांधली, मी स्टूल धरलं. मग ती आत गेली.

बनारसला जाणाऱ्यांनी रामघाट जरूर बघावा, नदीतून आणि गल्लीतून दोन्ही. चौकटीवर कोरफड दिसली तर तिचा मधला पोगा कसा वळून वर निघतो ते पाहा. आणि हात मागे ठेवा. साताऱ्याच्या बाईंना मी सगळं खरं लिहिलं आहे. त्यांची पानं मऊ पडायला लागली होती. उपटून सावलीत ठेवली आहे म्हणाल्या. जगली का, ते अजून कळलेलं नाही. मी रोज विचारत नाही, विचारायचा हक्क नाही. रोज आठवण मात्र येते.

काय कोणाच्या हाती दिलं, ते लिहून ठेवते.

इंदूताईंकडून माझ्या हाती, माझ्याकडून मावशीच्या हाती: कोरफडीचं पिल्लू एक, ठिपक्यांचं, मुळं कोरडी, उलटं धरून आणलेलं.

मावशीकडून श्रीकांतच्या हाती: तेच पिल्लू आणि काकांचा लाल दोरा. दाराला लावलं.

मावशीकडून माझ्या हाती, सगळं सामान उघडून झाल्यावर: तेलाचा रिकामा डबा, घासून स्वच्छ केलेला, बनारसहून इथवर आणलेला, आणि त्यात एक खिळा.